जागा संपली म्हणून फोटो पुसलेस?

बस. कारणं नंतर ऐकते, आधी फोन उघड. गूगल फोटोजमध्ये ट्रॅश शोध. काही फोनांवर तिथे बिन असं लिहिलेलं असतं. सापडलं? परवा रात्री तू जे पुसलंस ते अजून तिथेच आहे. बॅकअप झालेला फोटो तिथे ६० दिवस राहतो, बॅकअप न झालेला ३० दिवसच. ती मुदत संपली की कितीही विनवण्या केल्यास तरी तो परत येत नाही. सगळे निवड आणि रिस्टोअर दाब. जागेअभावी कुठे अडलंच, तर गूगल ड्राइव्हचा आणि जीमेलचा ट्रॅश रिकामा कर, तोही जागा धरून बसलेला असतो. फोटोंच्या ट्रॅशला मात्र 'एम्प्टी' म्हणून हात लावायचा नाही. हे होईपर्यंत मी पुढे बोलणार नाही.

झालं? आता मान वर कर.

'बाई, स्टोरेज फुल दाखवतंय, काय डिलीट करू?' असा मेसेज तू मला केलास आणि माझं उत्तर यायच्या आत डिलीट करून मोकळाही झालास. प्रश्न अर्धा वाचायचा आणि उत्तर लिहायला घ्यायचं, ही तुझी आठवीतली खोड. तेव्हा त्यापायी दोन मार्क जायचे. या वेळी काय जाणार होतं ते तुझ्या लक्षात तरी आलंय का? तू २०१९ आणि २०२० ही दोन अख्खी वर्षं निवडलीस आणि पुसलीस. का, तर 'जुने आहेत, कोण बघतंय'. तुझे वडील २०२१ च्या एप्रिलमध्ये गेले. त्यांच्या शेवटच्या दोन वर्षांचे फोटो तुला जुने वाटले, आणि गेल्या महिन्यातले विजेच्या बिलाचे स्क्रीनशॉट मात्र तू जपून ठेवलेस.

बरं, इतकं करून मिळवलंस काय? काहीही नाही. तुझं खातं मी आत्ता बघितलं. तू पहिल्यापासून 'हाय क्वालिटी'त बॅकअप घेत होतास. त्यालाच आता 'स्टोरेज सेव्हर' म्हणतात. १ जून २०२१ च्या आधी त्या प्रकारात वर गेलेले फोटो तुझ्या १५ जीबीत मोजलेच जात नाहीत. ते कायमचे फुकट आहेत. म्हणजे तुझ्या खात्यातला जो भाग एक एमबीसुद्धा जागा खात नव्हता, नेमका तोच तू पुसलास, आणि जागा खाणारा सगळा ऐवज तसाच ठेवलास. हे माहीत नव्हतं म्हणतोस. गूगलने नोव्हेंबर २०२० मध्ये हा बदल जाहीर केला, सहा महिने आधी. मराठी वर्तमानपत्रांतसुद्धा बातम्या आल्या होत्या. तुझ्या मेलवरही कळवलं गेलं होतं. तू मेल उघडत नाहीस, तर तो दोष गूगलचा नाही.

आता दुसरी चूक, जी पहिलीहून मोठी आहे. तुला वाटलं, 'गूगलमधून काढले तरी फोनमध्ये आहेतच.' हे तुला कोणी सांगितलं? गूगल फोटोजच्या अ‍ॅपमध्ये फोटो निवडून डिलीट केलं की तो खात्यातूनही जातो आणि फोनमधूनही. त्याच खात्यावर टॅब असेल तर तिथूनही. तुझ्या बायकोच्या आयफोनवर आयक्लाउड फोटोज चालू आहे, तिथेही हेच. फोनवर पुसलं की आयक्लाउडवर पुसलं, आयपॅडवर पुसलं. तिथे 'रीसेंटली डिलीटेड'मध्ये ३० दिवस मिळतात, बस. आरशातलं प्रतिबिंब म्हणजे दुसरी वस्तू नव्हे. तू समोरून हललास की तेही हलतं. तुझ्या फोनचं आणि खात्याचं नातं तसलं आहे. एकीकडे केलेली चूक दुसरीकडे इमानाने उतरते. मग तुझ्याकडे दोन प्रती होत्या असं तू कशाच्या जोरावर म्हणत होतास?

'फ्री अप स्पेस' हे बटण वेगळं. ते बॅकअप झालेल्या फोटोंची फोनमधली प्रत काढतं आणि खात्यातली ठेवतं. तेही तू मागे दिवाळीत दाबलं होतंस, आठवतंय? 'फोन किती हलका झाला' म्हणून आनंदाने सांगत होतास. त्या क्षणी त्या फोटोंची जगात एकच प्रत उरली, आणि तीही दाबून लहान केलेली. स्टोरेज सेव्हरमध्ये १६ मेगापिक्सेलहून मोठा फोटो १६ वर आणला जातो, व्हिडिओ १०८० पी वर आणला जातो. कॅमेऱ्याने काढलेली मूळ प्रत तू फोनमधून काढलीस, म्हणजे ती गेली. फोनवर बघायला, अल्बममध्ये छापायला दाबलेली प्रतही पुरते, त्याबद्दल मी तुला बोलणार नाही. मी बोलतेय ते एवढ्यासाठी, की एकच प्रत उरली हे तुला कळलंसुद्धा नाही आणि तशा अवस्थेत परवा तू तिच्यावर डिलीट चालवलंस.

'अचानक भरलं हो, बाई.' अचानक? जागा भरत आली की गूगल आधीपासून सांगत असतं. मेल येतो, अ‍ॅपमध्ये पट्टी दिसते. तू ती पट्टी बाजूला सारत राहिलास. गणपतीपासून तुझा बॅकअप बंद पडला आहे, हे मी आत्ता तुझ्या फोनवर बघितलं. म्हणजे गणपती, दिवाळी, धाकटीचं पहिलीतलं गॅदरिंग, हे सगळं फक्त या हातातल्या फोनमध्ये आहे. रोज सकाळी लोकलच्या दारात उभं राहून तू हा फोन खिशातून काढतोस. एक धक्का पुरे.

आणि फक्त फोटोच अडलेत असं समजू नकोस. १५ जीबी ही जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांची मिळून जागा आहे. २०२४ पासून अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही तिच्यातच मोजला जाऊ लागला; आधी तो मोजत नव्हते. ही जागा पूर्ण भरली की मेल येणं थांबतं आणि जाणंही थांबतं. पाठवणाऱ्याचा मेल त्याच्याकडे परत जातो, तुला कळतसुद्धा नाही. मुलाच्या प्रवेशाचा मेल, बँकेचं स्टेटमेंट, ऑफिसमधलं बोलावणं, सगळं त्याच दारातून येतं. जागा ओलांडून दोन वर्षं तसाच बसून राहिलास, तर तुझे फोटो, ड्राइव्ह आणि मेल काढून टाकण्याचा हक्क गूगलने आपल्या नियमांत राखून ठेवला आहे. दोन वर्षं बसून राहणं तुला अवघड नाही, हे मला चांगलं माहीत आहे.

आता गणित कर. माझ्यासमोर कर. जागा खातं कोण? फोटो नाही, व्हिडिओ. बायकोच्या आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्येच लिहिलेलं आहे: ४के, सेकंदाला ३० चौकटी, एका मिनिटाला साधारण १७० एमबी. ६० चौकटी ठेवल्यास तर ४०० एमबी. १०८० पी ठेवल्यास ६०. १७० ने पंधरा हजारांना भाग. अठ्ठ्याऐंशी मिनिटं. दीड तासाच्या आत १५ जीबी संपले. आयक्लाउडवर फुकट जागा ५ जीबीच, २०११ पासून तेवढीच आहे. ती अर्ध्या तासात संपते. आणि तुम्ही दोघांनी काय केलं? शाळेच्या हॉलच्या शेवटच्या रांगेत बसून पाऊण तासाचा कार्यक्रम सलग टिपलात, दोघांनी, दोन फोनांवर. त्यात तुमची मुलगी स्टेजवर चार मिनिटं होती. उरलेला वेळ पुढच्या माणसाचं डोकं आणि इतरांची मुलं. ती चार मिनिटं कापून ठेव, बाकी काढ. तुझं कार्टं सायकल शिकताना पडलं तो वीस सेकंदांचा व्हिडिओ कधीही पुसू नकोस. लांबीवरून किंवा तारखेवरून ठरवू नकोस, काय आहे ते बघून ठरव.

पुसायचंच असेल तर कुठून सुरुवात करायची तेही सांगते, म्हणजे पुन्हा वर्षंच्या वर्षं निवडणार नाहीस. गूगल फोटोजमध्ये 'मॅनेज स्टोरेज' उघड. तिथे मोठे व्हिडिओ वेगळे, धूसर फोटो वेगळे, स्क्रीनशॉट वेगळे असे गट करून दिलेले असतात. सगळ्यात मोठ्या व्हिडिओपासून खाली ये. मग जीमेलमध्ये मोठ्या अटॅचमेंटचे मेल शोध. कोणीतरी आठ वर्षांपूर्वी पाठवलेल्या कॅटलॉगच्या पीडीएफ अजून तुझ्या जागेत पडून आहेत. मग व्हॉट्सअ‍ॅप. त्याच्या सेटिंगमध्ये 'स्टोरेज अँड डेटा', त्यात 'मॅनेज स्टोरेज'. पाच एमबीहून मोठं काय आहे आणि सतराशे ठिकाणांहून फॉरवर्ड होऊन काय आलं आहे, ते तिथे वेगळं दिसतं. सुप्रभाताची फुलं, सणांची पोस्टरं, पुढाऱ्यांची भाषणं, सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचे व्हिडिओ. हे काढायला माझी परवानगी लागत नाही. चॅट बॅकअपमध्ये 'इन्क्लूड व्हिडिओज' बंद कर. ऑटो-डाउनलोड बंद कर. ज्या माणसाने हे आजवर केलं नाही आणि वडिलांचे फोटो आधी पुसले, त्याला मी हुशार कसं म्हणू? तू हुशार आहेस, म्हणूनच राग येतो.

आणि हे दुसरं खातं कसलं? तिसरंही आहे? 'प्रत्येक खात्याला १५ जीबी फुकट मिळतात, म्हणून नवीन खातं काढतो.' ही युक्ती तुमच्या ऑफिसात सगळे करतात म्हणे. दुसऱ्या खात्याचा पासवर्ड सांग. आठवत नाही. त्याला जोडलेला मोबाइल नंबर कोणता? बंद केलेला. बंद झालेला नंबर कंपनी काही काळाने दुसऱ्या गिऱ्हाइकाला देते, म्हणजे तुझ्या खात्याचा ओटीपी उद्या भलत्याच माणसाच्या फोनवर जाईल. शिवाय जे खातं सलग दोन वर्षं कोणी उघडत नाही ते आतल्या सगळ्या सामानासह काढून टाकायचं, असं गूगलने २०२३ मध्ये जाहीर केलं आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरपासून ते लागू केलं. मुलाच्या बारशाचे फोटो तू त्या दुसऱ्या खात्यात ठेवलेस. शेवटचं कधी उघडलं होतंस? आज घरी गेलास की जेवायच्या आधी ते खातं उघडायचं. उघडलं नाही, तर जुनं सिम, जुना फोन, जे असेल ते शोधून काढायचं आणि तरीही उघडायचं.

'फॅमिली ग्रुपवर आहेत ना.' हेही ऐकलं मी. ग्रुपवर जे गेलं ते तुझा फोटो नाही, त्याची झिजलेली प्रत आहे. व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करतं आणि तो कधी, कुठे, कोणत्या कॅमेऱ्याने काढला ही आतली नोंदही काढून टाकतं. मग तो फोटो तुझ्या फोनवर आला त्या दिवसाचा समजला जातो. आत्याने पाठवलेला १९७८ चा पंढरपूरचा फोटो आणि काल आलेला वाढदिवसाचा केक शेजारीशेजारी बसतात. मूळ फोटो हवा असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांग. आणि काही महिन्यांनी तो ग्रुपमधून पुन्हा उतरवायला गेलास तर उतरेलच याची खात्री कोणी दिलेली नाही.

गूगल एवढी मोठी कंपनी, तिथे कसं काय जाईल, हा तुझा शेवटचा आधार. तुझं ऑर्कुट होतं. कॉलेजच्या पहिल्या वर्षाची सहल, तोरण्यावरचे फोटो, सगळं तिथे टाकलं होतंस. स्क्रॅपबुकात मुली काय लिहितात ते बघत बसायचास. ऑर्कुटही गूगलचंच होतं. ३० सप्टेंबर २०१४ ला ते बंद झालं. फोटो उतरवून घ्यायला सप्टेंबर २०१६ पर्यंत मुदत दिली होती, दोन वर्षं. तू उतरवलेस? तुझ्या वर्गातल्या किती जणांनी उतरवले? फ्लिकरने २०१३ मध्ये प्रत्येकाला फुकट १ टीबी दिला, लोकांनी आयुष्याचे फोटो तिथे नेऊन ठेवले, आणि २०१८ मध्ये मालक बदलल्यावर फुकट खात्याची मर्यादा एक हजार फोटोंवर आली. २०१९ मध्ये जास्तीचे फोटो काढून टाकायला सुरुवात झाली. मायस्पेसने २०१९ मध्ये कबूल केलं, की सर्व्हर बदलताना तीन वर्षांहून जुने फोटो, गाणी आणि व्हिडिओ हरवले असू शकतात. यात कोणी फसवणूक केली असं मी म्हणत नाही. कंपन्यांनी आपला हिशेब बघितला. तुझ्या फोटोंचा हिशेब तू बघायचा होतास.

आणि बॅकअप घेतलाय एवढं म्हणूनही भागत नाही. पिक्सारसारख्या स्टुडिओत, जिथे सगळे संगणकातले जाणते, तिथे १९९८ मध्ये 'टॉय स्टोरी २' चालू असताना एका चुकीच्या आज्ञेने सिनेमाच्या फाइली धडाधड पुसल्या गेल्या. बॅकअप होता. तो काढायला गेले तेव्हा कळलं की तो नीट चाललेलाच नाही, आणि कोणी तपासलाही नाही. सिनेमा वाचला तो गॅलिन सुसमन या तांत्रिक दिग्दर्शिकेमुळे. घरी तान्हं बाळ होतं म्हणून ती घरून काम करत होती आणि तिच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती. इमारतीबाहेर असलेली एकच प्रत, तीच कामी आली. आता मला सांग, तुझ्या घराबाहेर तुझी कोणती प्रत आहे?

म्हणून आता करायचं काय, ते लिहून घे. अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग याने फोटोंसाठी एक नियम सांगितला, तोच जगभर पाळतात: तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. तुझी परिस्थिती बघून सांगते. एक प्रत गूगलवर, एक घरी हार्ड डिस्कवर, एक तुझ्या बहिणीकडे नाशिकला दुसऱ्या हार्ड डिस्कवर. घराबाहेर कशाला, हे चिपळूणच्या माणसाला विचार. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी घरांत शिरलं तेव्हा टेबलावरचा संगणक आणि त्याच्या शेजारच्या खणातली डिस्क यांत पाण्याने फरक केला नसेल.

डिस्क नवी आण. पेनड्राइव्ह नको. लग्नाचे सगळे फोटो फोटोग्राफरने दिलेल्या त्या पेनड्राइव्हमध्येच आहेत ना अजून? ती कपाटात वर्षानुवर्षं पडून राहिली की आतलं पुसट होत जातं, आणि त्याआधी ती हरवते. आज रात्रीच ती संगणकावर उतरव. नवी डिस्क फॉरमॅट करशील तेव्हा एक्सफॅट निवड, म्हणजे विंडोजवरही चालेल आणि मॅकवरही. पण आधी ती रिकामी आहे ना हे बघ, फॉरमॅट केलं की तिच्यातलं सगळं जातं.

मग केबल लाव, फोनवर 'फाइल ट्रान्सफर' निवड, डीसीआयएम हे फोल्डर उघड. आणि इथे नीट ऐक: कट-पेस्ट करायचं नाही. कॉपी. केबल हलली, फोन झोपला, वीज गेली, तर कट केलेलं ना इकडे ना तिकडे अशी वेळ येऊ शकते. कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फाइलींची संख्या जुळव. मग डिस्कवरचे दहा-वीस फोटो आणि चार व्हिडिओ उघडून बघ, शेवटपर्यंत चालतात का ते. एवढं झाल्यावरच फोनमधलं काढायचा विचार. फोनमधलीच प्रत काढायची असेल तर गूगल फोटोजमध्ये 'डिलीट फ्रॉम डिव्हाइस' असा वेगळा पर्याय आहे. साध्या कचऱ्याच्या डब्याच्या चिन्हाला बोट लावू नकोस.

जे फोटो आता फक्त गूगलवर उरलेत, म्हणजे तुझ्या त्या 'फ्री अप स्पेस'ची करणी, ते गूगल टेकआउटने उतरव. ते झिप फाइली बनवून दुवा पाठवतं. तो दुवा साधारण आठवडाभरच चालतो, म्हणून 'बघू रविवारी' असं करशील तर पुन्हा मागवावा लागेल. झिप नुसत्या ठेवू नकोस, उघडून बघ. तारखा आणि जागा यांची माहिती शेजारच्या छोट्या छोट्या फाइलींत असते, त्या फालतू समजून काढू नकोस. बायकोच्या आयफोनवर 'ऑप्टिमाइझ स्टोरेज' चालू असेल तर केबल लावून मूळ फोटो मिळणार नाहीत, कारण ते फोनमध्ये नसतातच. ते आयक्लाउडवरून उतरवावे लागतील. हे तिला सांग आणि तिच्यासोबत बसून कर. घरातले निम्मे फोटो तिने काढलेत.

फोल्डरांना नावं दे. आधी वर्ष, मग महिना, मग प्रसंग. '२०२४-०५ दादाची मुंज' असं लिहिलंस तर ती आपोआप क्रमाने लागतात. 'न्यू फोल्डर २' नको. आणि जुने फोटो स्कॅन केलेस त्यांत कोण कोण आहे, हे मोठ्या मामांना विचारून लिहून ठेव, ते आहेत तोवर. ते गेल्यावर तो फोटो एका अनोळखी लग्नातला फोटो होईल.

पैसे भरून जागा घेऊ का, असंही विचारलं होतंस. घे. आधी मोठा कचरा काढ, डिस्क कर, आणि मग घे. पैसे भरून घेतलेली गूगल वनची जागा आणखी पाच जणांना वापरू देता येते, आयक्लाउडचीही. म्हणजे तू, बायको, आई, बहीण यांचं मिळून एकच होईल. शिवाय तुझ्यानंतर खात्यातलं सगळं बायकोला मिळेल अशी सोय कर. खात्याचा वापर थांबला तर आतलं कोणाला द्यायचं, हे गूगलकडे आधीच ठरवून ठेवता येतं; अ‍ॅपलकडे वारस संपर्क नेमता येतो. तुझ्या वडिलांच्या फोनचा पॅटर्न कोणालाच माहीत नव्हता आणि तो फोन अजून तसाच बंद आहे, हे तूच मला सांगितलंस. तुझ्या मुलांवर ती वेळ आणू नकोस. मात्र पैसे भरले म्हणून डिस्कचं काम टळलं असं समजायचं नाही. हप्ता थांबला की नवं वर जाणं थांबतं, आणि चुकीचं बटण दाबलं तर पैसे भरलेल्या खात्यातूनही तितक्याच सहज जातं.

शेवटचं. तुझ्या आईचा फोन. ३२ जीबीचा, सदा भरलेला. ती तुला विचारते तेव्हा तू काय सांगतोस? 'आई, सगळं डिलीट करून टाक गं.' मागच्या महिन्यात तिने मला विचारलं, 'बाई, त्यांचा आवाज असलेले व्हिडिओ पण काढावे लागतील का हो?' तिने अजून काढलेले नाहीत. तिला बॅकअप म्हणजे काय ते माहीत नाही, तिच्या खात्याचा पासवर्ड तूच टाकून दिला होतास आणि विसरलास. तिने शिकवून तुला संगणकाच्या नोकरीपर्यंत पोचवलं. तिचे ते व्हिडिओ वाचवायला तुला एक दुपार लागते, आणि ती दुपार तुला इतक्या वर्षांत सापडली नाही.

या शनिवारी गावी जा. केबल आणि डिस्क घेऊन जा. तिचा फोन आधी कर, तुझा नंतर. आणि तिला विचारल्याशिवाय त्यातली एकही गोष्ट पुसू नकोस.